वादळाचा माग काढणारे धर्मगुरू आणि गॅल्व्हेस्टनचा प्रलय

समुद्रकाठी राहणाऱ्या लोकांस वादळ म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. वारा एकाएकी पडला, उकाडा असह्य झाला, पाण्याचा रंग पालटला आणि लाटांचा आवाज बदलला, म्हणजे जाणती माणसे होड्या वर ओढून घेतात. परंतु ही चाहूल फार तर काही घटकांची. शेकडो मैलांवर, डोळ्यांआड, भर समुद्रात उठलेले तुफान आज कोठे आहे, कोणत्या दिशेने चालले आहे व कोणत्या किनाऱ्यावर आदळणार आहे, हे दोन-तीन दिवस आधी सांगणे ही गोष्ट वेगळी. ही विद्या मनुष्यजातीस साध्य होऊ लागून अद्याप दोनशे वर्षेही झालेली नाहीत. तिच्या पायाभरणीत येशूसंघाच्या काही धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, आणि ही गोष्ट आपल्या धर्मबांधवांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. महोत्सवाच्या या स्मरणिकेत तिची हकिकत नमूद करावी असे आम्हांस वाटले. ती केवळ गौरवाची नाही. वादळ दिसले, त्याची वार्ता देण्यास माणूस तयार होता, आणि तरीही हजारो जीव बुडाले, अशा एका प्रसंगाची ती हकिकत आहे.

प्रथम वादळाचे स्वरूप थोडक्यात पाहू. उष्ण समुद्रावर हवेचा दाब एका ठिकाणी फार उतरला म्हणजे चोहोंकडचा वारा तिकडे धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सरळ न जाता वळण घेतो आणि मध्याभोवती गरगर फिरू लागतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. शिवाय भोवरा जसा स्वतःभोवती फिरता फिरता जमिनीवर सरकतो, तसे हे सर्व चक्र समुद्रावरून पुढे सरकत जाते. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज गृहस्थाने १८४८ साली अशा वादळास 'सायक्लोन' हे नाव दिले. वेटोळे घातलेल्या सर्पाची कल्पना त्या शब्दात आहे. याच पिडिंग्टनने १८५३ साली सरकारास लिहून कळविले होते की, मातला नदीवर जे नवे बंदर वसविण्याचा बेत आहे ते एके दिवशी वादळाच्या उधाणाने बुडेल. त्याचे कोणी मनावर घेतले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात समुद्राने ते धुऊन नेले. आपल्या देशातील हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी त्याचे जवळचे नाते आहे.

आता क्यूबा बेटाकडे वळू. त्या बेटाची राजधानी हवाना. तेथे येशूसंघाचे बेलेन नावाचे विद्यालय होते व त्यास जोडून एक लहानशी वेधशाळा होती. १८७० साली तिची सूत्रे फादर बेनितो विन्येस यांच्या हाती आली. हे स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातले. त्यांचा जन्म १८३७ चा, म्हणजे त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते. ते हवानास आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबाच्या मातान्सास शहरावर भयंकर वादळ कोसळून शेकडो लोक प्राणास मुकले. असली संकटे त्या बेटांस नवी नव्हती. लोक ती सोसत, मेलेल्यांस पुरत आणि पुन्हा घरे बांधीत. फादर विन्येस यांनी मात्र मनाशी ठरविले की, या शत्रूची चाल ओळखावयाची.

त्यांची साधने आजच्या मानाने अगदी साधी. वायुभारमापक, तापमापक, वाऱ्याची दिशा दाखविणारे यंत्र आणि उघडे आकाश. त्यांनी दररोज, दिवसातून अनेक वेळा, नोंदी करण्याचा नेम धरला. वेधशाळेतील जुनी दप्तरे चाळली. वादळ होऊन गेले म्हणजे ते स्वतः उद्ध्वस्त मुलखात फिरत व ज्यांनी ते सोसले त्यांस खोदून खोदून विचारीत. १८७५ व १८७६ सालच्या वादळांविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला, व त्याची योग्यता ओळखून अमेरिकेच्या आरमारी खात्याने पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर करविले.

फादर विन्येस यांचा विशेष शोध ढगांविषयी होता. वादळात जमिनीलगतचा वारा मध्याकडे आत ओढला जातो, परंतु फार उंचावरची हवा मध्यापासून बाहेर फेकली जाते. त्या उंचीवर पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे, पिसांसारखे पांढरे ढग असतात. स्पॅनिश लोक त्यांस 'कोंबड्याची शेपटी' म्हणतात. वादळ अद्याप शेकडो मैल दूर असता, आकाश निरभ्र असता व समुद्र शांत असता, हे ढग क्षितिजावरील एखाद्या बिंदूपासून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेले दिसू लागतात. त्या सर्व काड्या जेथे मिळाव्यात असे वाटते, त्या दिशेस वादळाचा मध्य! तो बिंदू तासामागून तास जागा बदलत गेला तर वादळ बाजूने निघून जात आहे. तो एकाच ठिकाणी राहिला व वायुभार उतरू लागला, तर ते सरळ आपल्याकडे येत आहे. वरचे, मधले व खालचे ढग निरनिराळ्या दिशांनी चालतात आणि त्यांच्या दिशांमधील अंतरास ठराविक नियम आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. अशा रीतीने दप्तरातील आकडे व डोक्यावरचे आकाश यांचा मेळ घालून, जे दिसत नाही त्याचा माग काढण्याची रीत त्यांनी बसविली.

या विद्येची पहिली मोठी कसोटी १८७५ च्या सप्टेंबरात लागली. ११ सप्टेंबर रोजी फादर विन्येस यांनी हवानाच्या वर्तमानपत्रांतून जाहीर केले की, पूर्वेकडून वादळ येत आहे. दोन दिवसांनी ते खरोखरच क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यास भिडले. वेस्ट इंडीज बेटांत वादळाची अशी छापील पूर्वसूचना मिळण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. सूचना मिळाल्यामुळे तेथे पुष्कळ जीव वाचले. तेच वादळ पुढे मेक्सिकोच्या आखातातून जाऊन १६ सप्टेंबर रोजी टेक्सासमधील इंडियानोला या बंदरावर आदळले व ते बंदर त्याने उद्ध्वस्त केले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढील वर्षांत जहाज-कंपन्या, तार-कंपन्या व व्यापारी यांनी फादर विन्येस यांस साहाय्य दिले. त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका, पोर्तो रिको इत्यादी बेटांवर निरीक्षक नेमले गेले, व त्यांच्या वार्ता समुद्रतळाच्या तारांवरून हवानास येऊ लागल्या. २३ जुलै १८९३ रोजी ते परलोकवासी झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी आपला शेवटचा निबंध हातावेगळा केला होता. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, फिलिपाईन्समधील मनिला येथे, त्यांचे संघबंधू फादर फेदेरिको फाउरा यांनी जुलै १८७९ मध्ये त्या समुद्रातील पहिली वादळ-सूचना दिली होती. आपल्या कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या गच्चीवर फादर युजीन लाफाँ यांनी मांडलेल्या लहानशा वेधशाळेतून १८६७ च्या नोव्हेंबरात तेथील अधिकाऱ्यांस वादळाची आगाऊ कल्पना मिळाली होती. या धर्मगुरूंनी वेधशाळेस सेवेचेच स्थान मानले. रोगी माणसाच्या उशाशी जाणे जसे धर्मगुरूचे काम, तसे संकटाच्या आधी किनाऱ्यावरील गरिबांस सावध करणे हेही त्यांनी आपले काम समजले.

आता या कथेचा दुःखद भाग सांगणे प्राप्त आहे.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव होऊन क्यूबा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली आले. अमेरिकेच्या हवामान खात्याने हवानास आपले स्वतःचे कार्यालय उघडले. बेलेन वेधशाळा अजून चालूच होती. फादर विन्येस यांच्यामागून फादर लोरेन्सो गांगोइती हे तिचे संचालक झाले होते. एकाच शहरात दोन वेधशाळा आणि दोहोंचे अंदाज निराळे, ही गोष्ट हवामान खात्याच्या वरिष्ठांस रुचली नाही. क्यूबाचे लोक उगाच भीती पसरवितात, अशी त्यांची तक्रार होती. तारा लष्कराच्या ताब्यात होत्या. १९०० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, म्हणजे वादळांच्या ऐन दिवसांत, क्यूबातील निरीक्षकांच्या हवामानविषयक तारा सरकारी यंत्रावरून पाठविण्यास मनाई झाली.

त्याच सुमारास अटलांटिक महासागरात एक वादळ पश्चिमेस सरकत होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते क्यूबावरून गेले. तेथे त्याने मुसळधार पाऊस पाडला, परंतु वाऱ्याचा जोर फारसा दिसला नाही. आता ते कोठे जाणार? अमेरिकन खात्याचे मत असे पडले की, ते उत्तरेस वळून फ्लॉरिडावरून अटलांटिक किनाऱ्यास जाईल. बहुतेक वादळे अशीच वळतात, हा त्यांचा आधार. फादर गांगोइती यांनी आकाश पाहिले, ढगांच्या दिशा पाहिल्या, आणि त्यांचे मत उलट पडले. वादळ वळलेले नाही, ते जोर धरून वायव्येस मेक्सिकोच्या आखातात गेले आहे व त्याचा रोख टेक्सासकडे आहे, असे त्यांनी सांगितले. हे मत हवानास राहिले. ज्या किनाऱ्यास त्याची गरज होती, तेथे ते पोहोचले नाही.

आखातात शिरल्यावर वादळ जणू अदृश्य झाले. त्या काळी जहाजांवर बिनतारी यंत्रे नव्हती. न्यू ऑर्लिन्सहून निघालेली एक आगबोट ६ सप्टेंबर रोजी त्या वादळाच्या तोंडात सापडली. तिच्यावरील खलाशांनी त्याचे उग्र रूप प्रत्यक्ष पाहिले, परंतु ते किनाऱ्यास कळविण्याचा काही उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

गॅल्व्हेस्टन हे टेक्सासचे भरभराटीचे बंदर. एका लांब, अरुंद, वाळूच्या बेटावर ते वसले होते. वस्ती सुमारे ३८,०००. बेटावरील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आतच होती. शेजारचे इंडियानोला १८७५ साली उद्ध्वस्त झाले व १८८६ साली दुसऱ्या वादळाने कायमचे ओसाड पडले, तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या काही लोकांनी समुद्रास भिंत घालण्याची गोष्ट काढली होती. परंतु १८९१ साली तेथील सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून, गॅल्व्हेस्टनला वादळापासून मोठा धोका आहे ही कल्पनाच खुळेपणाची आहे असे प्रतिपादन केले. भिंत झाली नाही.

७ सप्टेंबर रोजी, शुक्रवारी, वादळाचे निशाण गॅल्व्हेस्टनवर चढले. शनिवार, ८ सप्टेंबर, हा पवित्र मरियेच्या जन्माचा सण. त्या दिवशी सकाळीच पाणी सखल रस्त्यांत शिरू लागले. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. त्याने पाणी मागे हटावयास हवे होते. तरी ते चढतच होते! दूरच्या प्रचंड शक्तीने रेटलेल्या लाटा वाऱ्यास न जुमानता आत येत होत्या. जाणत्या माणसास या एका लक्षणावरून सर्व काही उमजावे. परंतु पुष्कळ लोक मुलांस घेऊन लाटांची मौज पाहण्यास किनाऱ्यावर गेले. दुपारपर्यंत मुख्य भूमीकडे जाणारे पूल निकामी झाले आणि बेट तुटले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर मैल झाला तेव्हा तो मोजणारे यंत्रच उडून गेले. रात्री उधाणाचे पाणी पंधरा फुटांवर चढले. मोडलेल्या घरांची लाकडे पुढील घरांवर आपटत व तीही मोडत. अशी सुमारे ३,६०० घरे नाहीशी झाली. मृतांचा नक्की आकडा कोणासच कळला नाही. निदान ६,०००, बहुधा ८,००० आणि काहींच्या मते १२,०००. अमेरिकेच्या इतिहासात निसर्गाच्या कोपाने एवढे बळी दुसऱ्या कोणत्याही वेळी गेलेले नाहीत. क्लाइन यांची गर्भवती पत्नीही त्या रात्री गेली.

शहराबाहेर, अगदी समुद्राच्या काठी, 'सेंट मेरीज' हा अनाथाश्रम होता. इन्कार्नेट वर्ड संघाच्या दहा धर्मभगिनी तेथे ९३ मुलांचा सांभाळ करीत होत्या. त्यांपैकी एक भगिनी त्या सकाळी अन्नसामग्री आणण्यास शहरात आली होती. वादळ ओसरेपर्यंत येथेच थांब, असे तिला तिच्या वरिष्ठ मातेने सुचविले. परंतु मुले उपाशी राहतील म्हणून ती परत गेली. पाणी चढू लागले तशी सर्व मुले प्रथम प्रार्थनामंदिरात जमविली गेली. मुलांचा धीर सुटू नये म्हणून भगिनींनी त्यांच्याकडून समुद्राची राणी पवित्र मरिया हिचे एक जुने फ्रेंच स्तोत्र गाऊन घेतले. नंतर त्यांनी कपडे वाळविण्याचा दोर आणवून त्याचे तुकडे केले, आणि प्रत्येकीने सहा-आठ मुलांस आपल्या कमरेशी बांधून घेतले. रात्री इमारत कोसळली. तीन मोठे मुलगे तेवढे पाण्यात एका झाडास बिलगून वाचले. दहाही भगिनी व ९० मुले गेली. पुढे वाळूत त्यांचे देह सापडले, तेव्हा दोर तसेच बांधलेले होते.

ज्या दोराने मुले वाचावयाची त्यानेच ती बुडाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस असे म्हणवत नाही. त्या भगिनींपाशी सूचना नव्हती, वेळ नव्हता, उंच जागा नव्हती. जे होते त्यातून, मुलांस एकटे न सोडणे एवढेच त्यांस करता येत होते, आणि ते त्यांनी केले. दर वर्षी ८ सप्टेंबरला त्या संघाच्या भगिनी, जेथे असतील तेथे, तेच स्तोत्र गाऊन त्यांचे स्मरण करतात. त्याच दिवशी आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीच्या डोंगराकडे व गावोगावच्या देवळांकडे लोकांची पावले वळलेली असतात. आपल्या वाचकांनी त्या सणाच्या दिवशी या शंभर जीवांसाठीही एक प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे.

एवढ्या अनर्थाचा दोष कोणास द्यावयाचा? घाईने निवाडा करू नये असे आम्हांस वाटते. हवानाची तार पोहोचली असती तरी गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी ती मानलीच असती, असे खात्रीने कोण सांगेल? हवामान खात्याचे लोकही काही दुष्ट नव्हते. खोट्या हाकाटीने लोक घाबरतील व पुढे खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवणार नाहीत, ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु आपल्याहून निराळे पाहणाऱ्याचे तोंडच बंद करणे हा त्या भीतीवरील उपाय नव्हे. फादर गांगोइती यांचे मत चुकीचे वाटले तर ते तपासून पाहता आले असते. ते अडवून ठेवल्याने तपासण्याची सोयच उरली नाही. आकाशाची लाली पाहून हवा ओळखणाऱ्या, पण काळाची लक्षणे न ओळखणाऱ्या लोकांस प्रभूने शुभवर्तमानात जे विचारले आहे, ते येथे सहज आठवते.

दुर्घटनेनंतर थोड्याच दिवसांत ती मनाई उठविण्यात आली. गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी सतरा फूट उंच व तीन मैलांहून अधिक लांब अशी समुद्रभिंत बांधली. तिचा पहिला भाग १९०४ साली पुरा झाला. त्यांनी शहराची जमीनही वाळू भरून उंच केली, व त्यासाठी दोन हजारांहून अधिक इमारती जागच्या जागी वर उचलल्या. त्यांत ३,००० टन वजनाचे सेंट पॅट्रिकचे देऊळही होते. शेकडो स्क्रू-जॅक लावून ते पाच फूट उचलण्यात आले. १९१५ साली पुन्हा तसेच वादळ आले, तेव्हा या भिंतीमुळे शहर तगले.

वादळाचा माग काढण्याच्या विद्येनेही पुढे मोठी मजल मारली. १९०९ साली जहाजावरून बिनतारी यंत्राने वादळाची पहिली वार्ता आली. १९४३ च्या जुलैत जोसेफ डकवर्थ या अमेरिकन वैमानिकाने प्रथमच विमान हेतुपूर्वक वादळाच्या मध्यात नेले. आश्चर्य असे की, ते वादळही गॅल्व्हेस्टनकडेच येत होते, आणि त्याचीही वार्ता लोकांस नीट मिळाली नाही, कारण महायुद्धामुळे जहाजांची बिनतारी यंत्रे मूक होती व हवामानाच्या बातम्यांवर निर्बंध होता. १९६० पासून कृत्रिम उपग्रह आकाशातून वादळे पाहू लागले. १९६१ च्या सप्टेंबरात 'कार्ला' नावाचे प्रचंड वादळ टेक्सासवर आले, तेव्हा ते आधीच दिसले, त्याची वार्ता घरोघर पोहोचली आणि लाखो लोक आपण होऊन आत निघून गेले. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. तोच मुलूख, तसलेच उग्र वादळ. अंतर पडले ते वेळीच मिळालेल्या व मानलेल्या सूचनेचे.

आपल्या देशात हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ साली, म्हणजे फादर विन्येस यांनी पहिली सूचना दिली त्याच वर्षी. १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळात सुमारे ६०,००० माणसे मेली होती. त्या आघाताचा या स्थापनेशी संबंध होता. ओरिसाच्या किनाऱ्यावर १९९९ साली वादळाने जवळजवळ दहा हजार बळी घेतले. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर आलेल्या 'फायलिन' वादळापूर्वी लाखो लोक हलविले गेले व मृत्यू त्या मानाने फारच थोडे झाले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. परंतु सूचना आधी मिळून हजारो लोक सुरक्षित जागी गेले असल्याने मनुष्यहानी थोडी झाली. याच्या उलट, २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' वादळ उठले तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार, ज्यांत आपले कॅथलिक बांधव पुष्कळ होते, आधीच खोल समुद्रात गेलेले होते. सूचना निघाली, परंतु त्यांच्यापर्यंत ती पोहोचवण्याचे साधन नव्हते. त्यांपैकी कितीतरी जण परत आले नाहीत.

तेव्हा वादळ पाहणारे डोळे आज पुष्कळ आहेत, आणि ते फादर विन्येस यांच्या डोळ्यांहून फार दूरचे पाहतात. शेवटची काही मैलांची वाट मात्र अजून माणसासच चालावी लागते. कोणत्या घरात अंथरुणास खिळलेली म्हातारी आहे, कोणाची होडी कालपासून समुद्रावर आहे, कोणास वाचता येत नाही, हे उपग्रहास दिसत नाही. ते शेजाऱ्यास व धर्मग्रामास ठाऊक असते. म्हणून आमचे आपल्या तरुण मंडळांस व मच्छीमार बंधूंस आग्रहाचे सांगणे आहे: सरकारी सूचना आली म्हणजे तिची थट्टा करू नका. दहा वेळा वादळ वळून गेले म्हणून अकराव्या वेळी घरी बसू नका. गावातील अशक्त माणसांची यादी पावसाळ्याआधीच करून ठेवा, आणि देवळाची घंटा त्या कामासाठीही वाजू द्या. वादळ आवरणे आपल्या हाती नाही. ते ज्याच्या आज्ञेत आहे त्याची प्रार्थना आपण करावी, आणि आलेली सूचना शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवावी.